चिंगीचा पगार कोण देतं?

ताई, नमस्कार.

आम्ही सिंहगड रोडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट अगदी आमच्या दारासमोर उघडते. घरात आम्ही दोघं, अकरावीतला मुलगा, सासूबाई आणि ४ वर्षांची चिंगी. चिंगी पॉमेरियन आहे, पांढरीशुभ्र, साडेसहा किलोची. स्वभावाने लाघवी, पण तोंड मिटत नाही. लिफ्टचं दार सरकलं की भुंकते. सकाळी कचरावाल्या मावशी आल्या की भुंकते. कुरिअर, इस्त्रीवाला, शेजारच्यांची बेल, मालिकेतली बेल, सगळ्यांवर भुंकते. आम्ही जेवायला बसलो की टेबलापाशी उभी राहून भुंकते. मी ओरडते, हे ओरडतात, मुलगा चप्पल आपटतो. सासूबाई मात्र तिला मारी बिस्किट टाकतात. म्हणतात, तेवढ्यापुरती तरी गप्प बसते. मागच्या महिन्यात आम्ही सगळे लग्नाला गेलो तर दोन तास भुंकत होती म्हणे. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या आईने आधी हसत सांगितलं, आता ती हसत नाही. गेल्या आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं. मुलाने इंटरनेटवर एक पट्टा शोधलाय, कुत्रं भुंकलं की मानेला विजेचा झटका बसतो. माझं मन होत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. काय करू?

— कानात बोळे घातलेली, पुणे

*

बोळेवाल्या ताई,

पट्टा मागवला असेल तर परत पाठवा. त्याच्याकडे मी येतेच, पण आधी सासूबाईंच्या मारी बिस्किटाबद्दल बोलू. तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती आहे आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात.

जरा चिंगीच्या बाजूने हिशेब मांडा. लिफ्ट वाजली, मी भुंकले, बिस्किट आलं. इस्त्रीवाला आला, मी भुंकले, बिस्किट आलं. कचरावाल्या मावशी आल्या, मी जास्त भुंकले, बिस्किट लवकर आलं. चिंगीला नोकरी लागलीय, ताई. वेळेवर पगार मिळतो, कामाच्या प्रमाणात मिळतो, वर सासूबाईंसारखी मायाळू मालकीण आहे. अशी नोकरी कोण सोडेल?

आणि पगार फक्त सासूबाई देत नाहीत. तुम्ही ओरडता, हे ओरडतात, चिरंजीव चप्पल आपटतात. तुम्हाला वाटतं ही शिक्षा आहे. चिंगीच्या कानाला काय वाटत असेल? दारात कुणीतरी आलं, मी आरोळी दिली आणि पाठोपाठ घरातली तीन मोठी माणसंही आरडाओरडा करायला लागली. म्हणजे धोका खराच होता! माझं चुकलं नव्हतं! सगळे मिळून भुंकतोय म्हटल्यावर तिलाही चेव येतो.

सगळ्यात मोठा पगार तर तिला तुमच्यापैकी कुणीच देत नाही. कुरिअरवाला येतो, ती भुंकते, तो पाकीट देऊन निघून जातो. तो दुसऱ्या मजल्यावर जायचं म्हणून गेला हे तिला कुठून कळणार? तिच्या लेखी तिने त्याला पळवून लावलं. दिवसातून दहा-बारा माणसं दाराशी येत असतील तर ही साडेसहा किलोची बाई दिवसातून दहा-बारा लढाया जिंकते. चार वर्षं झाली, एकही हरलेली नाही.

तेव्हा ‘चिंगीला गप्प कसं करू’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. भुंकण्याचा पगार बंद करून गप्प बसण्याचा चालू कसा करायचा, ते बघू. हे जमतं. मी जमलेलं पाहिलंय आणि एकदा स्वतः वाईट रीतीने फसलेलीही आहे. ते पुढे सांगते.

आता चिंगीच्या घराण्याबद्दल. तिला पॉमेरियन म्हणून दिलं असलं तरी साडेसहा किलो वजन म्हणजे ती बहुधा इंडियन स्पिट्झ आहे. खरा पॉमेरियन साधारण दीड ते साडेतीन किलोचा, तळहातावर मावेल असा असतो. आपल्याकडे पांढरं, झुबकेदार शेपटीचं, टोकदार तोंडाचं कुत्रं दिसलं की पॉमेरियन म्हणायची जुनी सवय आहे, विकणाऱ्यांनीही ती मोडली नाही. तुम्हाला कुणी फसवलं असं समजू नका, स्पिट्झ आपल्या हवेत खऱ्या पॉमेरियनपेक्षा चांगलं टिकतं. पण दोघंही मूळचे जर्मन स्पिट्झच्या खानदानातले, आणि या खानदानाचं पिढ्यान्‌पिढ्या मुख्य काम होतं: कुणी आलं की कळवायचं. पॉमेरियनचं नाव ज्या पॉमेरेनियावरून पडलं तो प्रदेश बाल्टिक समुद्राकाठी, आजच्या पोलंड आणि जर्मनीत येतो. तिकडची ही कुत्री चांगली थोराड होती. १८८८ साली व्हिक्टोरिया राणी इटलीतल्या फ्लोरेन्सला गेली, तिथून मार्को नावाचा एक छोटा पॉमेरियन घेऊन आली आणि मग लहानात लहान पॉम पाळायची टूम निघाली. कुत्रं आकसत गेलं. आवाज मात्र कुणी आकसला नाही. अंगणातल्या राखणदाराचा गळा आपण वन बीएचकेत आणून ठेवलाय, आणि वर त्याने गप्प बसावं अशी आपली अपेक्षा.

कानाचंही तसंच. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. तुम्हाला लिफ्टचं दार सरकल्यावर कळतं. चिंगीला लिफ्ट खालून निघाली तेव्हाच कळलेलं असतं. तिला ‘उगाच भुंकते’ म्हणू नका. उगाच काही नसतं, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

आता कामाला लागू. पहिले तीन दिवस काहीही शिकवायला जाऊ नका. एक वही घ्या, फ्रिजवर लटकवा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: किती वाजता, कशावर भुंकली, साधारण किती वेळ, आणि त्या वेळी घरातल्यांनी काय केलं. हा शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरायचा. ‘सासूबाई, बिस्किट’, ‘मी, किंचाळले’, ‘हे, काही नाही, मोबाइलमध्ये होते’. हे काम मुलाकडे द्या, त्या वयात मोठ्यांच्या चुका टिपायला मुलांना फार आवडतं. तीन दिवसांनी वही उघडली की दिसेल की चिंगी ‘दिवसभर’ भुंकत नाही. ठरावीक वेळा आहेत, ठरावीक कारणं आहेत, आणि अर्ध्याहून जास्त भानगड एका दाराशी आहे. माझा अंदाज आहे असा. चुकला तर कळवा.

मग त्या दाराचं बघायचं. शिकवणी सुरू व्हायच्या आधी भुंकण्याचे प्रसंगच कमी करायचे, कारण रोजचं भुंकणं म्हणजे रोजचा रियाज. तुमच्याकडे नक्कीच लाकडी दार उघडं आणि जाळीचं सेफ्टी डोअर बंद अशी पद्धत असणार. आपल्याकडे सगळीकडे तीच आहे, वारा खेळतो म्हणून. पुढचे दोन महिने लाकडी दार लावून घ्या. चिंगीला दारापाशी झोपायची सवय असेल तर तिचं अंथरूण आतल्या खोलीत न्या. कुरिअर आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी ‘बेल वाजवू नका, फोन करा’ अशी सूचना ॲपमध्ये लिहून ठेवा. दारावर चिठ्ठी लावा. इस्त्रीवाल्याची वेळ ठरलेली असेल तर त्याच्या आधी पाच मिनिटं कपड्यांचं गाठोडं बाहेर ठेवा. हॉलमध्ये पंखा आणि रेडिओ चालू ठेवा, बारीक आवाजात, म्हणजे लिफ्टचा आवाज त्यात विरघळेल. बाल्कनीच्या ग्रिलमधून ती खालच्या कुत्र्यांशी भांडत असेल तर तळाच्या दोन फुटांना कापड लावा. यातलं काहीच शिकवणं नाही, पण नुसत्या एवढ्यानेच समोरच्या दहावीवालीला जरा उसंत मिळेल.

आता बेल.

मुलाला तुमच्या बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. झटक्याचा पट्टा शोधण्यापेक्षा हे काम बरं. चिकन खात असाल तर बिनमिठाचं उकडून, नसाल तर पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून वाटीत घ्या. दाण्याएवढे म्हणजे दाण्याएवढेच. साडेसहा किलोच्या जिवाला वाटीभर पनीर म्हणजे आपल्याला पातेलंभर बासुंदी. दिवसभरात जे काही वरखाऊ होईल ते तिच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ नये, आणि तेवढं जेवणातून वजा करायचं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा घातलेलं काही अजिबात नाही, ते कुत्र्यांना विषारी आहे. सासूबाईंना हे वेगळं सांगा, प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात.

दुपारी शांत वेळी बसा. फोनचा आवाज इतका कमी ठेवा की तुम्हालाही जेमतेम ऐकू यावा. बेल वाजवा. चिंगीचा एक कान हलेल, मान तिरकी होईल, पण भुंकणार नाही. तो कान हलला की लगेच, सेकंदभरात, तोंडासमोर तुकडा. थांबा. परत बेल, परत तुकडा. दहा-बारा वेळा, पाच मिनिटांत संपवा. दिवसातून दोनदा. क्रम मोडू देऊ नका: आधी बेल, मग खाऊ. आधी वाटी खळखळवली आणि मग बेल वाजवली तर काही उपयोग नाही. खाण्याआधी रोज तोच आवाज ऐकून शेवटी नुसत्या आवाजावरच लाळ गाळणाऱ्या पावलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत ऐकली असेल, ही तीच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गंमत दिसेल. बेल वाजली की चिंगी दाराकडे न बघता तुमच्या हाताकडे बघेल. ती मान वळली ना, की समजा अर्धी लढाई झाली. मग आवाज एक घर वाढवा. वाढवल्यावर भुंकली तर चूक तिची नाही, तुम्ही घाई केलीत. एक घर खाली या. ‘कालपर्यंत तर जमत होतं’ म्हणून चिडू नका, आपलं पोळ्यांचं पीठ तरी रोज सारखं कुठे भिजतं?

फोनवर पूर्ण आवाजात जमलं की खरी बेल. आणि इथे परत पहिल्यापासून, कारण फोनमधली बेल आणि दारावरची बेल कुत्र्याच्या कानाला एक नसतात. बेलच्या डब्यावर जाड टॉवेल बांधून आवाज दाबा, मुलाला बाहेर उभं करा. तोच आत येतोय हे चिंगीला कळतं, तरी ती भुंकेल, हरकत नाही, त्यानेच सुरुवात सोपी होते. मग तुमची मैत्रीण. मग वॉचमन काका. अनोळखी माणूस सगळ्यात शेवटी.

हे चालू असताना दुसऱ्या बाजूने तिला एक जागा शिकवा. दारापासून लांब, जिथून दार दिसतं पण दारात जाता येत नाही अशा कोपऱ्यात एक जुनी गोधडी चौघडी करून टाका. त्यावर तुकडा ठेवा, चिंगी चढली की ‘जागेवर’ म्हणा. उतरली तर उतरू दे, ओढू नका. दिवसभरात येता-जाता गोधडीवर तुकडे पडत राहिले की ती आपणहून तिथे जाऊन बसायला लागेल. पुढे दोन्ही गोष्टी जोडा: बेल, ‘जागेवर’, गोधडीवर तुकडा. कुत्र्याला ‘भुंकू नको’ कळत नाही. काहीतरी न करणं हे कामच नाही. ‘बेल वाजली की गोधडीवर पळ’ हे मात्र काम आहे, आणि चिंगीला कामाची हौस आहे हे तर तुम्ही बघतच आहात.

तरीही ती भुंकेल. भुंकू द्या, दोनदा. तेवढा तिचा हक्क आहे, राखणदार आहे ती. तिसऱ्याला जवळ जा, लांबून ओरडू नका. खालच्या आवाजात एकदाच ‘बस झालं’ म्हणा आणि नाकाशी तुकडा धरा. वास घेता घेता भुंकता येत नाही. तोंड मिटलं की मनात एक, दोन मोजा, मग द्या. काही दिवसांनी पाचपर्यंत मोजा, मग दहापर्यंत. शब्द घरात सगळ्यांचा एकच हवा. तुम्ही ‘बस झालं’, हे ‘चूप’, सासूबाई ‘गप गं बाई’ असं चालणार नाही. एक धोका सांगून ठेवते: चिंगी हुशार असेल, आणि स्पिट्झ असतातच, तर दोन आठवड्यांत ती हिशेब लावेल की दोनदा भुंकायचं, मग गप्प व्हायचं, मग तुकडा. खास तुकड्यासाठी भुंकायला येईल. त्यावर उपाय असा की लिफ्ट वाजली आणि ती मुळीच भुंकली नाही, नुसता कान हलवून पडून राहिली, तर त्या वेळी दुप्पट पगार. नेमकं हेच आपण विसरतो. भुंकलं की सगळं घर धावतं, गप्प बसलं तर कुणाचं लक्ष नसतं. (घरातल्या बायकांना हे वाक्य समजावून सांगायला नको.)

जेवणाच्या टेबलापाशी भुंकते ती गोष्ट वेगळी आहे, आणि सोपी आहे. तिथे तिला कसली भीती नाही, राखण नाही, ती सरळ मागते आहे. तिथे काहीही द्यायचं नाही. पोळीचा तुकडा नाही, ‘थांब ना गं’ नाही, बघायचंसुद्धा नाही. पहिले काही दिवस भुंकणं वाढेल, चांगलंच वाढेल. नेहमीची किल्ली लागली नाही की आपणही दोन-तीनदा जोरात फिरवतो, तसं. त्या दिवसांत कुणीतरी दहाव्या मिनिटाला वैतागून चपातीचा कोपरा टाकतं आणि चिंगी शिकते की पाच मिनिटांत मिळत नाही, दहा मिनिटं भुंकावं लागतं. यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी. तुमच्या जेवणाच्या वेळी तिचंही जेवण एखाद्या पोकळ रबरी खेळण्यात भरून गोधडीवर दिलं तर हे दिवस सुसह्य जातील. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत दाणे लपवले तरी चालतं. दहा मिनिटं नाक खुपसून बसते.

नाकावरून आठवलं. चिंगीला फिरायला नेता का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. छोट्या कुत्र्यांना आपण कडेवर घेऊन खाली नेतो, शी-शू उरकतो आणि वर आणतो. रोज दोनदा वीस-वीस मिनिटं तिला जमिनीवर चालू द्या आणि जिथे हुंगायचं तिथे हुंगू द्या. झाडाचा बुंधा, दुचाकीचं चाक, जे असेल ते. ओढून पुढे नेऊ नका. हुंगून दमलेलं कुत्रं लिफ्टकडे फारसं लक्ष देत नाही. गळ्यात पट्टा असला तरी दोरी त्याला लावू नका, छातीवरचा हार्नेस घ्या. या जातीच्या छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, ओढाओढीने आणि सततच्या भुंकण्याने त्रास वाढतो. बदकासारखा घोगरा खोकला ऐकू आला तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. भुंकणं अचानक वाढलेलं असेल, हात लावल्यावर कुरकुरत असेल, कान खाजवत असेल, तरी आधी डॉक्टर आणि मग ही सगळी शिकवणी. दुखणाऱ्या कुत्र्याला शिस्त लावता येत नाही.

आता पट्टा. चिंगी भुंकते कारण दारात कुणीतरी आहे आणि तिला ते आवडत नाही. त्याच क्षणी मानेला झटका बसला, तर ती काय शिकेल? ‘मी भुंकले म्हणून झटका’ असं नाही, ‘तो माणूस आला की दुखतं’ असं. आधी फक्त शंका होती, आता खात्री झाली. समजा भुंकणं थांबलंही, तरी आतली भीती तशीच राहते, फक्त ती सांगायची सोय आपण काढून घेतो. मी हे पुस्तकी म्हणून सांगत नाही. आमच्याकडे बंड्या होता, असाच पांढरा, असाच तोंडाळ. मी तेव्हा नवखी होते. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मी त्याला मारत असे, भुंकला की मार, गुरगुरला की मार. महिन्याभरात गप्प झाला. मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे. मग एका रविवारी गॅस सिलिंडर घेऊन माणूस आला, बंड्या पलंगाखालून आला आणि आवाज न करता त्याची पोटरी धरली. भुंकला नाही, गुरगुरला नाही. गुरगुरू नको असं मीच तर त्याला शिकवलं होतं. त्या माणसाची इंजेक्शनं मी केली, माफी मागितली, पण त्याचं ते वाक्य विसरत नाही: ‘मॅडम, आवाज केला असता तर मी थांबलो असतो ना.’ भुंकणारं कुत्रं चावत नाही असं म्हणतात. न भुंकणाऱ्याबद्दल म्हणीत काही नाही.

लग्नाच्या दिवशीचं दोन तासांचं भुंकणं मात्र या सगळ्यात धरू नका. सासूबाई सतत घरी असल्याने तिला एकटं राहायची सवयच नाही. पुढच्या वेळी जुना फोन कॅमेरा चालू करून ठेवून जा. लाळ गाळत असेल, दार ओरबाडत असेल, येरझाऱ्या घालत असेल तर ती घाबरली आहे, आणि त्याला वेगळी, फार हळू जाणारी वाट आहे: आधी अर्धा मिनिट बाहेर, मग एक, मग दोन. तसं दिसलं तर पुन्हा लिहा, त्यावर स्वतंत्र बोलू. तोवर लग्नाला जाताना एकाला घरी ठेवा. कोण राहायला तयार होईल ते तुम्हाला माहीत आहेच, हे मोबाइल घेऊन आनंदाने राहतील.

आता सोसायटी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुठल्याही सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनसुद्धा नाही. पण त्याच सूचनांत कुत्रं पाळणाऱ्यांनाही सांगितलंय की भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, विशेषतः रात्री. म्हणून तो कागद खिशात असू द्या, जिभेवर नको. सेक्रेटरींना दोन ओळींचं उत्तर द्या: तक्रार मान्य आहे, प्रशिक्षण सुरू केलं आहे, दोन महिने द्या. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद नीट लावून ठेवा, नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

आणि समोरच्या घरी जा. चिंगीला न घेता. नुसतं ‘सॉरी’ म्हणू नका, त्याने आता काही होणार नाही. मुलीच्या अभ्यासाच्या नेमक्या वेळा विचारून घ्या आणि त्या वेळात चिंगीला फिरायला न्या किंवा आतल्या खोलीत ठेवा. बोर्डाच्या परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्यासारखंच तुमच्याही फ्रिजवर लागू द्या. तुमचा नंबर द्या आणि सांगा, भुंकली की मला मेसेज करा, रात्री अकरालाही करा. बहुतेक लोक मेसेज करत नाहीत. त्यांना आवाजाचा त्रास असतोच, पण जास्त त्रास असतो तो समोरच्यांना त्याचं काहीच वाटत नाही याचा. आणि जमलं तर त्या मुलीलाच बोलवा, खरी बेल वाजवायला. अभ्यासातून पाच मिनिटांची सुटी तिलाही हवी असेल. चिंगीला तुकडा तिच्या हातून मिळाला की समोरच्या दाराचा आवाज तिच्या यादीतून आपोआप कमी होईल.

किती दिवस लागतील? लिफ्टचा आवाज तीन-चार आठवड्यांत सैल पडेल. बेलला दोन महिने धरा, चार वर्षांची सवय आहे. मध्ये गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके आले की घसरेल, तेव्हा शिकवणी बंद ठेवा, खिडक्या लावा, पंखा चालू, जवळ बसा. पूर्ण मुकी ती कधीच होणार नाही. पाऊण मिनिटाच्या जागी दोन भुंका आणि मग गोधडी, एवढं झालं तरी तुम्ही कानातले बोळे काढाल.

राहता राहिल्या सासूबाई. बिस्किट बंद करा असं त्यांना सांगू नका, ऐकणार नाहीत, आणि मीही ऐकलं नसतं. उलट हे सगळं काम त्यांच्याकडे द्या. तुम्हा बाकीच्यांची दिवसभर ये-जा चालू असते. लिफ्ट दिवसभर वर-खाली करते तेव्हा घरात कोण असतं? चिंगी कुणाच्या पायाशी असते? त्यांच्या खुर्चीशेजारी एक झाकणाचा डबा ठेवा, त्यात सकाळीच मोजून तीस तुकडे टाका. त्यांना एवढंच सांगा की तुकडा द्यायचा तो चिंगी गप्प असताना, भुंकत असताना नाही. संध्याकाळी डब्यात किती उरले ते मुलाने वहीत लिहायचं. मारी बिस्किटं त्यांनी स्वतः चहात बुडवून खावीत.